परसबागेतली कळलावी

परसबागेचा विषय निघाला की आपण मेथी, वांगी, घेवडा, पपई यांच्याबद्दल बोलतो. आज मात्र मी एका फुलाबद्दल बोलणार आहे. हे फूल कुठल्या रोपवाटिकेतून आलेलं नाही, ते आपल्याच मातीतलं आहे. एकदा लावलं की वर्षानुवर्षं पावसाबरोबर आपोआप उगवतं. ते म्हणजे कळलावी. कुणी तिला खड्यानाग म्हणतं, कुणी अग्निशिखा. कोकणात काही ठिकाणी गौरीचे हात म्हणतात आणि भाद्रपदात गौरीपुढे मांडतात.

पावसाळ्यात बांधावर, करवंदीच्या जाळीत चढलेली ही वेल तुम्ही पाहिली असेलच. तिच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं वळतं आणि शेजारच्या फांदीला धरून वर चढतं. फुलाच्या सहा पाकळ्या कडेला नागमोडी असतात आणि मागे वळून वर उभ्या राहतात. फूल उमलतं तेव्हा हिरवट पिवळं असतं, मग केशरी होतं आणि शेवटी लालभडक. एकाच वेलीवर तिन्ही रंग एकदम दिसतात. म्हणून तर अग्निशिखा! तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे आणि आफ्रिकेतल्या झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल.

आता नावाचं बघू. ही वेल दारात लावली की घरात कळ लागते, भांडणं होतात, असं काहीजणी म्हणतात. बायांनो, भांडणाला वेल लागत नाही, ती आपल्याला वेलीशिवायही जमतात! या नावातली कळ वेगळी आहे. ती बाळंतपणाची कळ. पूर्वी बाई अडली की हिचा कंद उगाळून बेंबीवर किंवा तळपायांना लावत. संस्कृतात तिचं एक नाव गर्भपातिनी असंही आहे. जुन्या लोकांनी नावातच इशारा देऊन ठेवला आहे, की ही वेल साधी नाही.

म्हणून लावण्याआधी हे नीट ऐका. कळलावी अख्खी विषारी आहे. पान, फूल, सगळंच. पण सर्वांत जास्त विष कंदात आणि बियांत असतं. त्या विषाचं नाव कोल्चिसिन. आयुर्वेदात हिला उपविषांत गणतात आणि शोधन केल्याशिवाय औषधात घेत नाहीत. युरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात त्या दुखण्यावर डॉक्टर कोल्चिसिनची गोळी देतात, पण अगदी मोजून. घरी ते मोजता येत नाही. तेव्हा कुणी कितीही सांगितलं तरी कंद उगाळून पोटात घ्यायचा नाही, पाळी यावी म्हणून नाही, गर्भ पडावा म्हणून नाही आणि कळा याव्यात म्हणूनही नाही. अंगालाही लावायचा नाही. बाळंतपणासाठी आशाताईला सांगा, 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत होतं, 2011 पासून त्यासाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे.

मग तुम्ही विचाराल, इतकी विषारी आहे तर लावायची कशाला? कण्हेर आपण लावतोच ना? धोतरा महादेवाला वाहतोच ना? दोन्ही विषारी आहेत, पण ते आपल्याला माहीत आहे म्हणून मुलांना आपण सांगून ठेवतो. कळलावीचं तसंच आहे. धोका आहे तो न ओळखण्यात. दुसरं कारण असं, की लोक फुलासाठी वेल ओढतात किंवा औषधाच्या व्यापाऱ्याला विकायला कंद उकरून नेतात. कंद गेला की पुढच्या पावसाळ्यात त्या जागी काही उगवत नाही. गौरीला फूल हवं असेल तर ते आपल्या कुंपणावर असावं, म्हणजे डोंगरावरची वेल डोंगरावर राहील.

आता लागवड. कंद डोंगरातून उकरून आणू नका. ज्यांच्या कुंपणावर वेल आहे त्यांच्याकडून किंवा औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेतून घ्या. कंद बेचक्यासारखा दोन फाट्यांचा असतो, नांगरासारखा दिसतो म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. फाट्याच्या टोकाला डोळा असतो. कोंब तिथूनच फुटतो, म्हणून टोक मोडू देऊ नका. टोक मोडलं तर तो फाटा वाया गेला समजा. हाताळताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.

मृगाचा पाऊस पडला की लावा. जागा कुंपणाकडेची घ्या, जिथे ऊन येतं आणि पाणी साचत नाही. पाणी साचलं की कंद कुजतो. काळी चिकट माती असेल तर मुरूम किंवा वाळू मिसळा आणि चांगलं कुजलेलं शेणखत घाला. कंद आडवा ठेवून चार बोटं माती टाका. कुंडीत लावायचा असेल तर कुंडी खोल घ्या. शेजारी काठी किंवा तुराटी आधीच रोवून ठेवा. नंतर रोवायला गेलात तर कंदाला लागेल. कोंब वर यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा धीर धरा आणि उकरून बघू नका. कोवळा शेंडा फार नाजूक असतो, कोंबड्यांपासून जपा. वेल पुरुषभर उंच जाते आणि साधारण दोन महिन्यांत फुलायला लागते.

फुलानंतर हिरव्या लांबट शेंगा धरतात. त्या वाळून फुटल्या की आत लालभडक बिया दिसतात. इथे सावध राहा. त्या बिया मुलांना मण्यांसारख्या वाटतात. घरात लहान मूल असेल तर शेंगा हिरव्या असतानाच काढा आणि खड्ड्यात पुरा. शेळी-वासरापुढे वेल टाकू नका. बियांपासूनही रोप होतं, पण फूल यायला तीन-चार वर्षं लागतात.

दिवाळीनंतर वेल पिवळी पडून वाळते. मेली म्हणून फेकू नका. ती झोपलेली असते. खाली जुना कंद संपलेला असतो आणि त्याच्या जागी नवा तयार झालेला असतो. उन्हाळाभर पाणी देऊ नका. कुंडी असेल तर पडवीत कोरडी ठेवा. वेली वाढवायच्या असतील तर वैशाखाच्या शेवटी कंद हलक्या हाताने काढा आणि दोन्ही फाटे वेगळे करा. प्रत्येकाला डोळा असला की एकीच्या दोन वेली झाल्या.

पण एक नियम कधीही मोडू नका. जिथे करांदे, कोनफळ, सुरण, रताळी लावता तिथे कळलावी लावायची नाही. वेल वाळल्यावर वर खूण राहत नाही आणि कंद खणणारी सासू, सून किंवा मजूर फसू शकतो. श्रीलंकेत रताळं समजून हा कंद खाल्ल्याने माणसं दगावलेली आहेत. म्हणून जागेभोवती दगडांचं आळं करा. काढलेले कंद स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका.

तरीही कुणाच्या पोटात गेलंच तर? त्रास लगेच दिसत नाही. काही तासांनी तोंडात आग, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. ते थांबले की माणूस सुधारला असं वाटतं, पण विष आत काम करत असतं. मूत्रपिंडावर, रक्तावर परिणाम होतो. वाचलेल्या माणसाचे केस आठवडा-दोन आठवड्यांनी झडतात. म्हणून वाट पाहू नका. मीठपाणी पाजून उलटी करवू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. सरळ दवाखाना गाठा आणि वेलीचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना लगेच कळेल.

गटातल्या काहीजणी विचारतील, यातून पैसे मिळतात का? तमिळनाडूत शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात. फुलात बी चांगलं धरावं म्हणून सकाळी हाताने परागकण लावतात. बिया औषध बनवण्यासाठी जातात. पण ते मोठ्या रानाचं आणि ठरलेल्या गिऱ्हाइकाचं काम आहे. खरेदीदार आणि भाव लेखी ठरल्याशिवाय गटाचा पैसा त्यात घालू नका. आपल्यासाठी दारातल्या दोन-चार वेली पुरे.

या आठवड्यात बचत गटाची बैठक होईल तेव्हा एक काम करा. तुमच्या भागात या वेलीला काय म्हणतात ते प्रत्येकीला विचारा. एकाच वेलीची तीन-चार नावं निघतील. मग जिच्या बांधावर वेल असेल तिथे सगळ्याजणी जाऊन ती पाहा. सोबत मुलांना न्या आणि नव्या सुनांनाही. पानाचं वळलेलं टोक दाखवा, फूल दाखवा आणि खाली काय आहे ते सांगा. गौरीला फूल तोडायचं ते देठापासून, कात्रीने. वेल ओढायची नाही. नंतर हात धुवायचे.

पुढच्या वेळी पावसाळी रानभाज्यांबद्दल बोलू. तोवर नमस्कार.