डिझाइनच्या संग्रहात काय असावे?



पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यात वाढलेल्या मुलाला शाडू कोठे तडकतो, साचा कसा सोडवावा, हे ठाऊक असते. १९६१ साली स्थापन झालेली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था किंवा १९६९ साली सुरू झालेले पवईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक डिझाइन केंद्र येथे जाताना त्याने केवळ रंगविलेल्या मूर्तींची छायाचित्रे नेली, तर हे खरे ज्ञान कारखान्यातच राहून जाते.

संग्रह हा विचारांचा हिशेब असतो. शाडूची मूर्ती जड व नाजूक. ती दूरगावी न फुटता कशी पोचावी, हा एक प्रश्न घ्यावा. वजन-मापे, पहिली रेखाटने, फसलेले खोके, फसण्याचे कारण आणि सुधारित रचना असा क्रम ठेवावा. रोह्यानजीकच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांची पिंपे हलविणाऱ्या कामगाराची सोय हाही तसाच विषय होय. वडिलांचा साचा वडिलांच्या नावे व स्वतः केलेला बदल स्वतःच्या नावे नोंदवावा.

सन २००० च्या डिझाइन अधिनियमानुसार नवी रचना सर्वसाधारणपणे जाहीर होण्यापूर्वीच नोंदणीस द्यावी लागते. नोंदणीने प्रथम १० वर्षे व मुदतवाढीने आणखी ५ वर्षे संरक्षण लाभते. म्हणून विक्रीयोग्य रचना प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज करणे हिताचे.

शाळेने तारीखवार नोंदवहीची सवय लावावी व ग्रामपंचायतीने गावातील एखादी अडचण विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. मग संग्रहासाठी विषय दूर शोधावा लागणार नाही.