मागच्या सीटवरचे सेंटिमीटर

तिसरं मूल होऊ द्यायचं की नाही, हे अमेरिकेतल्या काही घरांत मोटारीच्या मागच्या सीटने ठरवलं, असा निष्कर्ष जॉर्डन निकरसन आणि डेव्हिड सॉलोमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडला. लहानग्यांना चाइल्ड सीट सक्तीची करणारा कायदा टेनेसी राज्यात १९७८ साली लागू झाला आणि १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सर्व राज्यांत तसे कायदे आले. पुढे सक्तीचं वय वाढत गेलं. दोन मुलं सीटच्या वयाची असली की साध्या मोटारीत तिसऱ्याला जागाच उरेना! या अडचणीमुळे २०१७ मध्ये सुमारे ८,००० जन्म कमी झाले आणि सीटच्या सक्तीने त्या वर्षी ५७ मुलांचे प्राण वाचले, असा त्यांचा अंदाज आहे.

या आकड्यांवर वाद होऊ शकतो. पण त्यातून सीटच नको असा अर्थ काढणं घातक ठरेल. प्रश्न रुंदीचा आहे आणि तो बऱ्याच वेळा सुटतो.

युरोपच्या आय-साइज नियमातली सीट ४४ सेंटिमीटर रुंदीच्या साच्यात मावावी लागते. तीन सीट म्हणजे १३२ सेंटिमीटर. वॅगनआर बाहेरून १६२ सेंटिमीटर रुंद आहे. दोन्ही दरवाजांची जाडी वजा केली की उरलेल्या जागेत एकेक बोट मोलाचं ठरतं.

इथे आयसोफिक्सवरचा आंधळा भरवसा आड येतो. सीट मोटारीच्या सांगाड्यातल्या लोखंडी कड्यांना थेट अडकवण्याची ही पद्धत उत्तम आहे, पण कड्यांची जागा ठरलेली असते. सीट डावी-उजवीकडे सरकत नाही. शिवाय बहुतेक छोट्या गाड्यांत ही कडी फक्त कडेच्या दोन जागांवर असतात. सीटबेल्टने बांधलेली सीट मात्र थोडी दाराकडे सरकवता येते. उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार बेल्ट घट्ट बसला असेल आणि बेल्ट जातो त्या ठिकाणी धरून हलवल्यावर सीट अडीच सेंटिमीटरहून जास्त हलत नसेल, तर ती पद्धतही सुरक्षित आहे. मग मांडणीचा विचार करावा. मागे तोंड असलेल्या बाळाच्या सीटचा सर्वांत रुंद भाग आणि पुढे तोंड असलेल्या सीटचा रुंद भाग बहुधा एका रेषेत येत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवल्या तर एकमेकींत सामावतात. बूस्टरवर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या बैठकीवर, बसणाऱ्या मोठ्या मुलाला दर वेळी बकल लावावं लागतं, म्हणून त्याला दाराकडची जागा द्यावी. कायम बांधलेली सीट मध्ये ठेवली तर बकल शोधताना हात अडकत नाही. अर्थात, मधल्या जागेलाही तीन बिंदूंचा बेल्ट आहे ना, हे आधी पाहावं.

आपल्याकडे अडचण थोडी वेगळी असते. दोन्ही बाजूंना नातवंडं आणि मध्ये आजी! दोन सीट लावल्यावर मध्ये जेमतेम ४० सेंटिमीटर उरतात. अशा वेळी धाकट्याला मांडीवर घेऊ, असं सहज म्हटलं जातं. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कोणत्याही आजीच्या प्रेमात ती कमी नाही, हातांत मात्र नसते. अशा वेळी आजीने पुढे बसावं. मागे तोंड असलेली सीट तर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीच लावू नये.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. भीती दंडाची नसावी, पण कायदा माहीत असावा.

म्हणून एक विनंती. नवी गाडी घ्यायला जाताना घरच्या सगळ्या चाइल्ड सीट बरोबर न्या. शोरूममध्ये त्या खरोखर लावा, दोन्ही दारं बंद करा, प्रत्येक बकल लावून पाहा आणि मगच पैसे भरा.