अंगणातील बिनतारी जागल्या

पूर्वीच्या गावगाड्यात रात्रीची राखण रामोशी आणि जागल्या यांच्याकडे असे. हा राखणदार नेमताना गावाला चार गोष्टींचा विचार करावा लागे. त्याची नजर तीक्ष्ण हवी, त्याने कोठे उभे राहावयाचे ते ठरलेले हवे, त्याच्या भाकरीची तजवीज हवी, आणि त्याने घातलेली हाक ऐकणारे कोणीतरी जागे हवे. यांपैकी एक गोष्ट उणी पडली तरी उरलेल्या तीन व्यर्थ जात.

आज तेच काम मुठीएवढी एक पेटी करू लागली आहे. फाटकातून कोणी आत आले की तिला चाहूल लागते. ती बिनतारी लहरींनी घरातील यंत्राला वर्दी देते, आणि मग अंगणात दिवा लागतो, भोंगा वाजतो, किंवा दूरदेशी असलेल्या मुलाच्या मोबाइलवर सूचना उमटते. बाजारात या पेटीला मोशन सेन्सर म्हणतात. ती विकत आणणे सोपे आहे, परंतु उघड्यावर बसवून वर्षभर तिला वीज पुरविणे दिसते तितके सोपे नाही. तिच्यासोबतचे माहितीपत्रक पुष्कळदा थंड मुलखातील अंगण डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते, आणि पेटीला उभे राहावयाचे असते ते आपल्या उन्हापावसात. हा फरक नीट कळावा म्हणून मद्रासजवळचे, म्हणजे आजच्या चेन्नईजवळचे, तांबरम हे गाव उदाहरणादाखल घेणे सोयीचे होईल.

तांबरम चेन्नईच्या नैर्ऋत्येस आहे. १९३१ साली मद्रास बीच ते तांबरम या मार्गावर विजेची गाडी धावू लागली, आणि १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज शहरातून उठून येथील झाडीत आले. वायुदलाचा मोठा तळही येथे आहे. उड्डाण शिकविणारे प्रशिक्षक जेथे घडतात ती शाळा याच तळावर असल्यामुळे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना हे नाव परके नाही. २०२१ साली तांबरमला स्वतंत्र महानगरपालिका मिळाली. तरीही फाटक, अंगण, नारळाचे झाड आणि मागे विहीर असलेली घरे येथे अजून दिसतात. अशा कित्येक घरांत आज दोनच वृद्ध माणसे राहतात. मुले बंगळूरला, पुण्याला किंवा परदेशी असतात. रात्री फाटक वाजले तर कोण आले हे उठून पाहण्याचे बळ त्यांच्या गुडघ्यांत राहिलेले नसते. त्यांच्या दृष्टीने ही पेटी चैनीची वस्तू नव्हे. मात्र तिच्यावर विसंबावयाचे, तर ती विश्वासास पात्र असली पाहिजे.

प्रथम तिच्या नजरेचा विचार करू. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने सूर्यप्रकाश लोलकातून नेला आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तापमापक ठेवला. पारा चढला. अवरक्त किरणांचा शोध लागला तो असा. मनुष्याचे शरीरही असे किरण सतत बाहेर टाकीत असते, आणि त्यांची लांबी मुख्यतः नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास असते. हे किरण ओळखण्याची युक्ती एका जुन्या निरीक्षणात सापडते. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी सिंहलद्वीपातून तोरमल्ली नावाचे खडे युरोपात नेले. ते तापविले की राख ओढून घेत. याचा अर्थ असा की उष्णता बदलताच त्या स्फटिकावर विद्युतभार उत्पन्न होतो. आजच्या सेन्सरमध्ये याच गुणाच्या पदार्थाच्या दोन लहान चकत्या परस्परविरुद्ध जोडलेल्या असतात. अवघे अंगण सावकाश तापले तर दोघींवरील परिणाम एकमेकांना मारतो आणि पेटी स्वस्थ राहते. उष्ण शरीर आधी एका चकतीच्या, मग दुसरीच्या टप्प्यातून गेले, म्हणजे मात्र तोल जातो आणि वर्दी निघते. समोरचे खाचांचे पांढरे भिंग फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कल्पनेवर बेतलेले असते. त्याने दीपगृहांसाठी जी रचना योजिली, तिनेच येथे अंगणाचे अनेक अरुंद पट्टे पाडले जातात.

या रचनेवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, माणूस पट्टे ओलांडून आडवा गेला तर पेटीला तो चटकन कळतो. सरळ तिच्याच रोखाने चालत आला तर उशिरा कळतो. म्हणून पेटी फाटकाच्या समोर न बसविता वाटेच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन ते अडीच मीटर उंचीवर, किंचित खाली झुकलेली अशी बसवावी.

दुसरी गोष्ट तांबरमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. या पेटीला माणूस दिसत नाही. तिला दिसतो तो माणूस आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या तापमानातील फरक. युरोपातील हिवाळ्याच्या रात्री भिंत पाच अंशांवर असते आणि त्वचा तेहतीस-चौतीस अंशांवर. तेथे माणूस अंधारात मशाल धरून निघाल्यासारखा उठून दिसतो. तांबरमला मे महिन्यात, ज्याला तेथील लोक अग्निनक्षत्रम् म्हणतात त्या दिवसांत, पारा चाळीसच्या घरात जातो, आणि दिवसभर तापलेली भिंत सूर्यास्तानंतरही कित्येक तास त्वचेइतकीच उष्ण राहते. अशा वेळी माणूस भिंतीत मिसळून जातो. माहितीपत्रकात बारा मीटरचा पल्ला छापलेला असला, तरी त्या संध्याकाळी तो बराच आखडतो. यावर उपाय तीन. तापमान पाहून आपली संवेदनशीलता आपणच वाढविणारी पेटी घ्यावी. नजरेसमोर पश्चिमेच्या उन्हात भाजणारी भिंत न ठेवता झाडाच्या सावलीतील जमीन ठेवावी. आणि पहिली चाचणी डिसेंबरच्या गार सकाळी करून समाधान मानू नये. ती मेच्या संध्याकाळी पुन्हा करावी. नागपूर, जळगावच्या श्रोत्यांनाही हा सल्ला तितकाच लागू आहे.

नजर जशी कमी पडू शकते, तशी ती नको तेथे धावूही शकते. उन्हात तापलेली नारळाची झावळी वाऱ्याने हलली, वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातून गरम झोत आला, भिंगावरून पाल गेली, मांजर कुंपणावरून चालले, की वर्दी निघते. शिवाय तांबरमच्या घराघरांत पहाटे गृहिणी दारात सडा घालून कोलम काढते, आणि त्याच सुमारास दूधवालाही येतो. पेटीला साव आणि चोर यांतील भेद कळत नाही. म्हणून पानांचा आणि रस्त्याचा भाग भिंगावर चिकटपट्टी लावून झाकावा, आणि पहाटेच्या ठराविक वेळी भोंगा मुका राहील अशी योजना करावी. लांडगा आला रे आला ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. महिनाभर खोटी हाक घालणाऱ्या पेटीचा भोंगा घरातील म्हातारे गृहस्थ स्वतःच बंद करून ठेवतात, आणि खरा प्रसंग नेमका त्यानंतर येतो.

आता भाकरीचा, म्हणजे विजेचा प्रश्न. खोट्या वर्दीने केवळ झोपच मोडते असे नाही, तर बॅटरीही खाल्ली जाते, हे थोड्या हिशेबाने ध्यानात येईल. समजा, एक साधी पेटी निजलेल्या स्थितीत वीस मायक्रोअँपिअर वीज घेते. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे वर्षाला सुमारे १७५ मिलिअँपिअर-तास खर्च झाले. प्रत्येक वर्दीला ती अर्धा सेकंद वीस मिलिअँपिअर घेते असे मानले, तर दिवसाला शंभर वर्द्यांचा वार्षिक खर्च सुमारे शंभर मिलिअँपिअर-तास होतो आणि हजार वर्द्यांचा सुमारे हजार. पेन्सिल सेलची चांगली जोडी अडीच हजारांच्या आसपास देते. म्हणजे शांत अंगणात ती अनेक वर्षे पुरेल, तर झावळीसमोर दोन वर्षांतच संपेल. वायफायवर चालणारी पेटी अधिक खादाड असते. ती प्रत्येक वर्दीला दोन सेकंद शंभर मिलिअँपिअर घेत असेल, तर शंभर वर्द्यांत तेच सेल वर्षभर टिकतील आणि हजार वर्द्यांत जेमतेम दीड महिना. जागा चुकली की भाकरही पुरत नाही, असा हा परस्परसंबंध आहे.

सेल बदलण्यासाठी शिडी चढणे ज्यांना शक्य नाही, त्यांना सौर पट्टीचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु येथेही मुलूख पाहावा लागतो. थंड देशांत लिथियम-आयन बॅटरी गोठणबिंदूखाली भारित करू नये अशी चिंता असते. तांबरमला चिंता उलटी. अशा बहुतेक बॅटऱ्या पंचेचाळीस अंशांच्या वर भारित करावयाच्या नसतात, आणि मेच्या उन्हात बंद काळी पेटी ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून पट्टी आणि पेटी एकाच खोक्यात असलेला नमुना टाळावा. पट्टी उन्हात, पेटी वळचणीच्या सावलीत, आणि दोहोंमध्ये हातभर तार, ही व्यवस्था उत्तम. तार पेटीत खालून शिरावी आणि शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलावरूनच गळून पडेल.

पावसाचा हिशेबही वेगळा आहे. महाराष्ट्रात सूर्य झाकला जातो तो जून ते सप्टेंबर या काळात; तांबरमचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पट्टीचे तोंड दक्षिणेस, थोडा उतार देऊन ठेवावे. तो उतार पावसाने धूळ धुऊन जाण्यासही उपयोगी पडतो. सलग ढगाळ दिवस गृहीत धरून निदान दोन आठवडे पुरेल इतका साठा बॅटरीत असावा. १ डिसेंबर २०१५ च्या सकाळपासूनच्या चोवीस तासांत एकट्या तांबरमला ४९ सेंटिमीटर पाऊस झाला, हे ज्यांनी अनुभवले त्यांना हा सल्ला अतिशयोक्त वाटणार नाही. पेटी घेताना तिच्यावरील आयपी हा अंकही पाहावा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जाऊ न देणारी आणि पाण्याचा फवारा सोसणारी. फवारा सोसणे आणि पुरात बुडणे यांत मात्र अंतर आहे.

राहता राहिली हाक. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली, आणि स्फोटक दारूही उडवून दाखविली. भिंत ओलांडून घंटा वाजविणे हेच या पेटीचेही काम आहे. मात्र लहर जितकी आखूड तितकी ती काँक्रीटमध्ये आणि ओल्या पानांत अधिक अडते. म्हणून अंगणातून घरात हाक पोचविण्यास २४०० मेगाहर्ट्झपेक्षा ८६५ च्या आसपासची लहर बरी. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला, आणि पुढे तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. अमेरिकेतून मुलाने प्रेमाने आणलेली पेटी पुष्कळदा तेथील ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर बोलते. तो पट्टा येथे त्या कामासाठी मोकळा नाही. भेट स्वीकारण्यापूर्वी हा आकडा विचारून घेण्यात संकोच नसावा.

आणि या सर्वांहून मोठी गोष्ट ही की, ऐकणारा जागा हवा. पेटी बॅटरीवर चालते, पण तिची हाक ऐकणारे घरातील यंत्र आणि इंटरनेटचा राउटर हे भिंतीतील विजेवर चालतात. १२ डिसेंबर २०१६ च्या वरदा चक्रीवादळात आणि पुढे डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात चेन्नईच्या उपनगरांतील अनेक वस्त्यांना दीर्घकाळ अंधारात राहावे लागले. अशा रात्री अंगणातला जागल्या इमानाने ओरडत असतो आणि आत कोणालाही ऐकू येत नाही. नेमकी हीच रात्र राखणीची असते. म्हणून घरातील यंत्राला आणि राउटरला इन्व्हर्टरचा किंवा छोट्या बॅटरीचा आधार द्यावा. तसेच इंटरनेट नसतानाही आपल्या बळावर वाजेल असा एक भोंगा घरात असावा.

या उपकरणाच्या बाजूने एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. कॅमेऱ्याप्रमाणे ते कोणाचे चित्र घेत नाही. शेजारीण कितीदा आली, मोलकरणीच्या हातात काय होते, याची नोंद त्याच्यापाशी नसते. कोणीतरी आले, एवढेच ते सांगते. राखण हवी पण पाळत नको, असे ज्यांना वाटते त्यांना ही मर्यादा गुणच वाटेल.

मात्र कोणीतरी आले एवढेच ज्याला सांगता येते, त्याचे ऐकून उठणारे माणूस असावेच लागते. महिन्यातून एकदा, ठराविक तारखेला, घरातील कोणीतरी अंगणातून आडवे चालत जावे, भिंगावरचे कोळ्याचे जाळे पुसावे, सेलचा आकडा पाहावा आणि दूर असलेल्या मुलाने आपल्या मोबाइलवर सूचना आली की नाही ते कळवावे. त्या निमित्ताने वृद्ध आईवडिलांची आणि मुलाची चार वाक्ये अधिक बोलणी झाली, तर तोही राखणीचाच एक भाग होय. भोंगा वाजल्यावर आपल्या दाराशी कोणी धावून यावे यासाठी शेजाऱ्यालाही त्या भोंग्याचा आवाज एकदा ऐकवून ठेवावा. विजेची भाकर खाणारा हा जागल्या आपली हाक तेवढी घालील. तिला ओ देण्याचे काम अजूनही माणसांकडेच आहे.