भाडेकरूंचे मत आणि भाड्याचा आकडा



ब्रिटनमधील नगरपालिकांच्या मालकीची घरे, म्हणजे तिकडच्या बोलीत कौन्सिलची घरे, हा समाजवादी चळवळीच्या अभिमानाचा विषय राहिला आहे. १९७९ च्या सुमारास तेथील सुमारे एकतृतीयांश कुटुंबे अशा घरांत राहत होती. मुंबईच्या विकास खात्याने वरळी-नायगावच्या चाळी उभारल्या, त्याच काळात इंग्लंडमध्ये १९१९ चा ॲडिसन कायदा येऊन कौन्सिल घरांची मोठी बांधणी सुरू झाली. चाळींसाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसला. इंग्लंडात नगरपालिकेचा तोटा एका पेनीच्या स्थानिक कराइतकाच राहील आणि उरलेला केंद्र सरकार सोसेल, असे ठरले. घरे कोणासाठी बांधावयाची याची चर्चा दोन्हीकडे झाली. त्यांत राहणाऱ्याला कोणत्या बाबतीत विचारावयाचे, हा प्रश्न मात्र मागे पडला.

इंग्लंडच्या कायद्यात आज या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते वाचण्यासारखे आहे. १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याचे कलम १०५ असे सांगते की, व्यवस्थापन, देखभाल, सुधारणा किंवा पाडकाम यांविषयीच्या ज्या निर्णयाचा भाडेकरूंवर लक्षणीय परिणाम होईल, त्याबाबत नगरपालिकेने त्यांना कळवावे, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि ते विचारात घ्यावे. येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. परंतु त्याच कलमात पुढे भाडे आणि सेवांचे आकार या विषयांतून स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. जिन्याच्या रंगाबद्दल विचारणे बंधनकारक, भाड्याबद्दल विचारणे ऐच्छिक! एखाद्या कारकुनाच्या हातून मसुद्यात शब्द गळला असा हा प्रकार नव्हे.

याची गोम जमाखर्चात आहे. कौन्सिलच्या घरांचे खाते नगरपालिकेच्या सर्वसाधारण खात्यापासून वेगळे ठेवलेले असते. १९८९ च्या कायद्याने त्याभोवती पक्के कुंपण घातले. सर्वसाधारण करांतून या खात्यात भर घालण्याची मुभा काढून घेण्यात आली. त्यामुळे दुरुस्ती, कर्मचाऱ्यांचे पगार, व्यवस्थापन आणि जुन्या कर्जावरील व्याज हे सारे मुख्यत्वे भाड्यातून भागवावे लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत, या संस्थेचे भांडवल फेडणारा भाडेकरूच आहे. कंपनीच्या भागधारकाला निदान वार्षिक सभेत ताळेबंदावर हात वर करता येतो. येथे फेडणाऱ्याला तेवढाही कायदेशीर हक्क नाही.

भाड्याचा आकडा नगरपालिकेच्याही हातात कितपत असतो, हा याच्या पुढचा प्रश्न. १९७२ साली हुजूर पक्षाच्या सरकारने कायदा करून नगरपालिकांना भाडेवाढीचा हुकूम सोडला. डर्बीशायरमधील क्ले क्रॉस या खाणकामगारांच्या लहानशा गावाच्या मजूर पक्षीय नगरसेवकांनी तो मानला नाही. अकरा नगरसेवकांवर मिळून ६,९८५ पौंडांची वसुली लावण्यात आली आणि त्यांना पदासाठी अपात्र ठरविण्यात आले. आपल्या मतदारांना दिलेला शब्द पाळल्याबद्दल ही शिक्षा होती. मजूर पक्षाचे सरकार आल्यावर १९७५ मध्ये कायदा बदलला, तरी त्या गावच्या लोकांच्या बाजूने उभे राहण्यात पक्षनेतृत्वाने पुष्कळ आढेवेढे घेतले, हेही सांगितले पाहिजे.

१९८० चा कायदा हा या साऱ्या इतिहासातला कळीचा टप्पा होय. एकाच कायद्याने भाडेकरूंना सल्लामसलतीचा हक्क दिला आणि राहते घर विकत घेण्याचाही हक्क दिला. सवलत आरंभी एकतृतीयांशापासून निम्म्यापर्यंत होती. पुढे सदनिकांसाठी ती सत्तर टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. ज्या कष्टकरी कुटुंबांनी ती घेतली त्यांना दोष देणे चुकीचे ठरेल. वीस वर्षे भाडे भरलेल्या माणसाला निम्म्या किमतीत घर मिळत असेल, तर ते नाकारण्याचा उपदेश त्याला करणे ही सुखवस्तू माणसाची चैन आहे. प्रश्न आहे तो मागे राहिलेल्यांचा. विक्रीचा निर्णय एका कुटुंबाचा, पण परिणाम सगळ्या वसाहतीवर. चांगली घरे आधी विकली गेली, भाड्याचे उत्पन्न घटले, वाट पाहणाऱ्यांची यादी तशीच राहिली. विक्रीतून आलेला पैसा तरी नव्या बांधणीत जावा. तर त्यावरही केंद्राने मर्यादा घातल्या आणि १९८९ च्या कायद्यानंतर त्यातील पाऊण हिस्सा कर्जफेडीस बांधला गेला. इंग्लंडमध्ये आजवर सुमारे वीस लाख घरे अशी विकली गेली आहेत. लंडनमध्ये विकलेल्या घरांपैकी सुमारे चाळीस टक्के आज खासगी मालकांकडून भाड्याने दिली जात असल्याचे आढळले आहे. सार्वजनिक घर स्वस्तात विकावयाचे आणि त्याच भिंतींचे चढे भाडे पुन्हा सरकारी घरभाडे-साह्यातून भरावयाचे, या व्यवहाराला काटकसर म्हणण्याचे धैर्य फक्त अर्थखात्याकडेच असू शकते. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये ही विक्री बंद केली. इंग्लंडने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सवलत मोठ्या प्रमाणात कमी केली, हक्क मात्र ठेवला.

भाडेकरूंना खरे मत मिळाले ते मुख्यत्वे एका प्रसंगी: घरे दुसऱ्या मालकाकडे सोपवावयाची असतील तेव्हा. तेथेही १९८८ च्या कायद्यातील एका योजनेत, जो मत देणार नाही त्याची संमती गृहीत धरण्याची युक्ती होती. तरीही लोकांनी या मताचा उपयोग केला. २००२ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या भाडेकरूंनी सुमारे दोनतृतीयांश मतांनी घरे हस्तांतरित करण्यास नकार दिला. त्याच वर्षी ग्लासगोच्या भाडेकरूंनी होकार दिला. म्हणजे, आकडेमोड समजत नाही म्हणून भाडेकरूंना विचारू नये, हा युक्तिवाद टिकत नाही. ज्या माणसाला शहरातील सगळी घरे सोडून देण्याविषयी मत देता येते, त्याला पुढच्या वर्षीची दुरुस्ती आणि भाडे यांचा ताळमेळ समजणार नाही काय?

२०१२ पासून इंग्लंडमधील नगरपालिकांच्या गृहखात्यांना 'स्वावलंबी' करण्यात आले. बहुसंख्य नगरपालिकांनी मिळून सुमारे १३ अब्ज पौंडांचे नवे कर्ज डोक्यावर घेतले. बदल्यात भाड्याचे उत्पन्न त्यांच्याकडे राहील, असे आश्वासन होते. चार वर्षे होतात न होतात तोच, २०१६ पासून सलग चार वर्षे भाडे दरसाल एक टक्क्याने उतरवण्याची सक्ती झाली. भाडे उतरले म्हणून कोणता भाडेकरू रडेल? परंतु त्या कपातीचा मोठा लाभ घरभाडे-साह्य देणाऱ्या सरकारी तिजोरीला झाला, आणि तीस वर्षांच्या दुरुस्तीचे आराखडे फिसकटले. कमी भाडे की नवी लिफ्ट, असा प्रश्न भाडेकरूंपुढे कोणी ठेवला नाही. पुढे २०२३ मध्ये महागाईमुळे वाढीवर सात टक्क्यांची मर्यादा आली, तीही वेस्टमिन्स्टरमध्येच ठरली.

न ऐकण्याची किंमत १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरमध्ये बहात्तर माणसांनी प्राण देऊन चुकती केली. ती इमारत जिच्या व्यवस्थापनाखाली होती त्या संस्थेच्या नावातच 'भाडेकरू' हा शब्द होता आणि संचालक मंडळावर रहिवाशांचे प्रतिनिधीही होते. सुरक्षिततेच्या तक्रारी आधीपासून होत होत्या. नूतनीकरणाचा खर्च आटोक्यात आणण्यासाठी आवरणाचा पत्रा बदलून स्वस्त घेण्यात आला, आणि आग त्यातूनच पसरली. समितीवर खुर्ची असणे आणि खर्चाच्या निर्णयावर अंकुश असणे यांतील अंतर कार्यकर्त्यांनी यापुढे तरी विसरू नये.

सल्लामसलत कशी असावी याचे दंडक इंग्लंडच्या न्यायालयांनीच घालून दिले आहेत: निर्णय पक्का होण्याआधी विचारावे, कारणे द्यावीत, पुरेसा अवधी द्यावा, आणि आलेली मते मनापासून तपासावीत. २०१४ मध्ये लंडनच्या हॅरिंगे नगरपालिकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली. तो खटला करसवलतीचा होता. नगरपालिकेने एकच पर्याय पुढे करून दुसरे मार्गच नाहीत असा समज करून दिला होता, आणि न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. हा निकाल घरभाड्याला आपोआप लागू होत नाही, पण कार्यकर्त्याच्या हाती तो चांगले हत्यार आहे. फेब्रुवारीत अंदाजपत्रक मंजूर करावयाचे आणि जानेवारीत सभा बोलवून 'आपले मत सांगा' म्हणावयाचे, हा शिरस्ता त्या दंडकांपुढे उभा राहू शकत नाही. शरद ऋतूतच निदान दोन-तीन पर्याय आकड्यांसह मांडले पाहिजेत: भाडे इतके वाढल्यास इतक्या स्वयंपाकघरांची दुरुस्ती, न वाढल्यास इतक्यांची, इतकी घरे विकली गेल्यास इतका खड्डा. सभेला नेहमी तीच वयस्कर मंडळी येतात ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय दारोदार जाण्याचा आहे, सभा बंद करण्याचा नव्हे.

१९१५ साली ग्लासगोच्या मेरी बार्बर आणि तिच्या शेजारणींनी खासगी मालकांविरुद्ध सुमारे वीस हजार कुटुंबांचा भाडेबंदीचा लढा उभारला, आणि त्याच वर्षी सरकारला युद्धपूर्व पातळीवर भाडी गोठवावी लागली. त्यांना कोणीही सल्ला विचारला नव्हता. २०२३ मध्ये सामाजिक गृहनिर्माणाच्या नियमनाचा नवा कायदा झाला, तपासणी कडक झाली, भाडेकरूंचे समाधान मोजण्याचे कोष्टकही आले. कलम १०५ मधून भाडे वगळणारे शब्द मात्र जागचे हललेले नाहीत.