नियमाचा आहार आणि शक्तीची गोळी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त कुणकेश्वर येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तथापि गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत शक्तीच्या गोळ्यांच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. त्यांतील एक मीही चार महिने घेतली आणि चुकलो. ती चूक आपल्यापुढे मांडावी, एवढ्यासाठीच उभा आहे.

साठी उलटल्यावर मला थकवा जाणवू लागला. दुपारी गादीवर बसल्या बसल्या डोळे मिटत, थान उचलताना हात जड होत. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन वर्गातील गोळी चालू होती. एका नातलगाने सांगितले, की या गोळीने शरीरातील ‘को-एन्झाइम क्यू-१०’ कमी होते, ते भरून काढा. त्याने परदेशातून बाटली पाठवली. सोनेरी, पारदर्शक, मऊ कॅप्सूल. मी श्रद्धेने घेऊ लागलो.

हे क्यू-१० म्हणजे काय, ते मी पुढे वाचून समजून घेतले. आपल्या पेशींत अन्नापासून ऊर्जा तयार होते, त्या कामातील हा एक आवश्यक दुवा आहे. १९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी तो प्रथम वेगळा केला, आणि तोही गाईच्या हृदयातून, हे ऐकून आपणांस वाईट वाटेल. पुढल्याच वर्षी कार्ल फोकर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना निश्चित केली. आज मात्र तो प्रामुख्याने सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने, किण्वनाने तयार होतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की हा पदार्थ आपले शरीर स्वतःच बनवते. शाकाहारी माणसाला तो ताटातून मिळाला नाही म्हणून अडून राहत नाही. स्टॅटिन ज्या मार्गावर कोलेस्टेरॉल रोखते, त्याच मार्गावर क्यू-१० तयार होत असल्याने त्याचे रक्तातील प्रमाण घटते, हे खरे. पण वरून घेतल्याने स्नायूंचे दुखणे थांबतेच, असे चाचण्यांतून एकमुखाने सिद्ध झालेले नाही. हृदय दुर्बल झालेल्या ४२० रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात नेहमीच्या औषधांच्या जोडीला दररोज ३०० मिलिग्रॅम क्यू-१० दिल्यावर लाभ दिसला. परंतु ते रुग्ण वेगळे आणि दुपारी पेंगणारा व्यापारी वेगळा.

एके दिवशी आमच्या सूनबाईंनी ती बाटली हाती घेऊन बारीक अक्षरे वाचली. ‘इतर घटक’ या सदराखाली जिलेटिन असे लिहिले होते. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढलेला पदार्थ. कांदा-लसूण, कंदमूळ न खाणारा, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब न घेणारा मी, चार महिने रोज तेच गिळत होतो. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

खरी चूक मात्र त्याहून मोठी होती. याच काळात माझ्या पायांना मुंग्या येत होत्या, अंधारात चालताना तोल जात होता. मी समजलो, वय झाले. शेवटी डॉक्टरांनी विचारले, “शेठ, बी-१२ कधी तपासलंत?” तपासले, तर ते १०८ निघाले. साधारणपणे २०० च्या खाली कमतरता मानतात.

बंधू-भगिनींनो, बी-१२ हे जीवनसत्त्वही शरीरात को-एन्झाइम म्हणूनच काम करते. त्याचे मिथाइलकोबालामिन हे रूप औषधाच्या दुकानात सहज मिळते. पण हे आपले शरीर बनवत नाही, धान्य-भाजीपाल्यात ते नसते. या किनाऱ्यावर आपल्या शेजाऱ्याला ते बांगड्यातून अनायासे मिळते. आपल्याला एकच मार्ग, दूध-दही. पाव लिटर दुधात सुमारे एक मायक्रोग्रॅम आणि गरज रोजची दोन-अडीच. आयंबिलच्या ओळीत तर दूध, दही, तूप सारेच वर्ज्य. यकृतात साठा असतो, त्यामुळे माणूस वर्षानुवर्षे भांडवल खात राहतो आणि दिवाळे निघेपर्यंत कळत नाही. पोटातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही बी-१२ कमी होऊ शकते. आपल्यात या दोन्ही गोळ्या घेणारे किती आहेत, ते मी दुकानात बसून ऐकतो!

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहारींना हा धोका ४.४ पट अधिक होता. म्हणजे हे काही माझ्या एकट्याचे दुखणे नव्हे.

तेव्हा कोणती गोळी निवडावी, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हे, की आधी रक्त तपासा. बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर. बाटलीच्या किमतीत यांतील निदान एक-दोन तपासण्या होतात. त्यानंतरही डॉक्टरांनी क्यू-१० सुचवले, तर जरूर घ्यावे. पण रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन चालू असेल, तर त्यांना सांगितल्याविना घेऊ नये, कारण त्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. क्यू-१० स्निग्ध पदार्थाबरोबर अंगी लागते. चौविहार करणाऱ्यांनी ते दुपारच्या तूप-पोळीबरोबर घ्यावे. आयंबिलच्या दिवशी घेऊन फारसा उपयोग नाही.

आता खरेदीविषयी. कापड सुती की पॉलिएस्टर, हे आम्ही एक धागा जाळून सांगतो. राख झाली तर सूत, मणी झाला तर पॉलिएस्टर. कॅप्सूलची अशी परीक्षा घरी होत नाही. तिथे छापलेल्या अक्षरांवरच भिस्त. आपल्या देशात वेष्टित खाद्यपदार्थांवर शाकाहाराची हिरवी खूण असते. मांसाहाराची तपकिरी खूण पूर्वी वर्तुळाची होती, अलीकडे ती त्रिकोणी झाली आहे. पूरक आहाराच्या बाटलीवर ही खूण आणि चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावा. परदेशी बाटलीवर खूण नसेल, तर घटकांची यादी वाचावी. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर ही खूण सक्तीची नाही, तिथे दुकानदाराला व कंपनीला विचारावे. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूल मिळतात. बी-१२ ची चघळण्याची साधी गोळीही मिळते, तिला कवचच नसते. किण्वनाने झालेला पदार्थ आपल्या नियमात बसतो का, उपवासात इंजेक्शन चालते का, हे प्रश्न मी महाराजसाहेबांपुढे ठेवले आणि त्यांच्या आज्ञेने वागलो. आपापल्या गुरूंना आपणही विचारावे. यात मी बोलणे शोभणार नाही.

मला प्रथम इंजेक्शने दिली, आता गोळी चालू आहे. थकवा गेला, तोल सावरला. डाव्या पायाच्या दोन बोटांची बधिरता मात्र राहिली. उशीर झाला की मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

कोणी घरून बाटली आणली असेल, तर जेवणानंतर माझ्याकडे यावे. सूत मोजण्याचे भिंग मी खिशात घेऊन आलो आहे, अक्षरे मिळून वाचू. बोलण्यात काही जिनाज्ञेविरुद्ध आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!