दार लावून विचारायचा प्रश्न
(अध्यक्षीय भाषण)

फिजिओथेरपीतल्या माझ्या सहकाऱ्यांनो, शहापूर-मुरबाडहून आलेल्या आशाताई, परिचारिका आणि वैद्यकीय अधिकारी,

परिषद भातसानगरला भरली याचं मला मोल वाटतं. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा इथल्या भातसा धरणाचा. आणि याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवून चढण चढतात. पाऊस लागला की त्याच बायका दिवसभर वाकून भाताची लावणी करतात. बाळंतपणाचा सव्वा महिना सरायच्या आत मोळी उचलणाऱ्याही त्यांच्यात आहेत. म्हणून आज मी ओटीपोटाच्या, सुजेच्या आणि वर्षानुवर्षं अंगात मुरलेल्या दुखण्याविषयी बोलणार आहे.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ६५० स्त्रिया तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचं आढळलं. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्यातले बरेच आजार संसर्गाचे होते, व्यायामाने बरे होणारे नव्हेत. पण त्या बायकांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं, ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते.

आपल्याकडे बाई येते ती "कंबर धरलीय" म्हणून. आपण शेक देतो, चार व्यायाम दाखवतो, ती जाते. सोबत आलेल्यांना बाहेर बसवून, दार लावून विचारा, "मावशी, खोकलं-शिंकलं की लुगडं ओलं होतं का? खाली काही उतरल्यासारखं वाटतं का?" ती पदर सावरते, दाराकडे बघते आणि मग म्हणते, "अंग बाहेर येतं. धाकट्याच्या वेळेपासून. ते काय कुणाला सांगायचं?" तो धाकटा आता कॉलेजात जात असतो.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायू खाटेच्या नवारीसारखे विणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय त्यांच्यावर तोललेले. बाळंतपणात ते ताणले जातात. मग श्वास कोंडून भरला हंडा उचलला की पोटातला सगळा दाब त्यांच्यावर येतो. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं. त्याला यंत्र लागत नाही. गोधडीवर उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, वारा अडवल्यासारखं आतून वर ओढायचं, थोडं धरायचं, सोडायचं. पोट, मांड्या सैल आणि श्वास चालू. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पण तिच्या उपयोगाचं खरं शिक्षण पाणवठ्यावरचं आहे: आधी खालून आवळायचं, मग श्वास सोडत हंडा उचलायचा, आणि डोक्यावर चढवताना दुसरीचा हात घ्यायचा. अंग थोडं उतरलेलं असेल तर यानं त्रास कमी होतो. बरंच बाहेर येत असेल तर आतली रिंग किंवा शस्त्रक्रिया लागते. तिथे व्यायामावर वेळ घालवू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

एक गोष्ट मला फार खटकते. ओटीपोटाची तक्रार ऐकली की आपल्यातले कित्येक जण न तपासता आवळायचे व्यायाम लिहून देतात. जुनाट दुखण्यात हे स्नायू पुष्कळदा ढिले नसतात, आखडलेले असतात. त्यांना आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढतं. अशा बाईला आधी पोटातून सावकाश श्वास घेणं आणि स्नायू सोडणं शिकवावं लागतं. जखम भरून गेल्यावरही मज्जासंस्था दुखण्याचा इशारा देत राहू शकते, हे तिला समजेल अशा बोलीत सांगावं लागतं. "तुमचं दुखणं खरं आहे" हे वाक्य अनेकींनी तोवर कुणाच्याच तोंडून ऐकलेलं नसतं.

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. ओझी वाहून दुखणाऱ्या कमरेवरचा उपाय पिशवी काढणं हा नाही. पिशवी गेल्यावरही ओझं तेच राहतं. अशा बाईपर्यंत आपण वेळेत पोचलो पाहिजे.

सुजेबद्दल थोडक्यात सांगतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यावर सुजणारा हात असो की हत्तीपाय, हलक्या हातानं केलेला निचरा, दाबाची पट्टी आणि व्यायाम यांनी सूज आटोक्यात राहते. हत्तीपायात त्याहून मोठं काम साबणपाण्याचं आहे. पाय रोज धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चिखलातून आल्यावर भेगा तपासायच्या, कारण ताप आणि नवी सूज त्या भेगांतून शिरते. एकच पाय अचानक सुजून गरम झाला, दुखू लागला, तर मात्र चोळू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, लगेच रुग्णालय गाठा.

आपला पेशा मुंबईत उभा राहिला तो पोलिओच्या साथीनंतर, परळच्या केईएममध्ये, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. गरज दिसली आणि शिक्षण सुरू झालं. तशीच गरज आज इथेही आहे. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय आणि दोन्ही तालुक्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रं यांच्यासाठी माझी मागणी अशी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी एक फिजिओथेरपिस्ट, शक्यतो स्त्री, तिथे बसावी. आतून कडी लागणारी खोली, एक खाट आणि एक पडदा मिळावा. आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटीला जातातच. बाळाचं वजन विचारताना त्यांनी आईला लघवीचा आणि अंग उतरण्याचा प्रश्नही विचारावा. तो कसा विचारायचा हे शिकवायला आपण यायचं. हा ठराव संध्याकाळच्या सत्रात मांडला जाईल, आणि त्याखाली प्रत्येकाने आपण कुठला बाजार सांभाळणार ते लिहावं, अशी माझी विनंती आहे.