जुन्या पत्रांवरची तिकिटे

औशासारख्या गावात जुन्या घरातली पत्र्याची पेटी उघडली, की खरेदीखतांच्या खाली पत्रांचा एखादा जुडगा सापडतोच. तो मुलांच्या हाती पडला, की कात्री येते. तिकीट कापायचे, पाण्यात भिजवून सोलायचे आणि पाकीट चुलीत! मीही लहानपणी हेच केले.

आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता आणि संस्थानाचे टपाल वेगळे होते. त्याचे पहिले तिकीट १८६९ साली निघाले, एक आण्याचे. १९३१ पासूनची तिकिटे तर पाहत राहावीत अशी. एक आण्यावर चारमिनार, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, रुपयावर दौलताबादचा मिनार. किंमत हाली शिक्क्यात, कलदार नव्हे. हे तिकीट संस्थानातच चाले. सोलापूर इंग्रजी हद्दीत, म्हणून तिकडच्या पत्राला इंग्रज सरकारचे तिकीट लागे. पुढे १९५० साली संस्थानाचे टपाल भारतीय टपालात मिसळले.

आता यांतली पुष्कळ तिकिटे काही दुर्मीळ नाहीत. सुट्या तिकिटाकडे जाणता संग्राहक ढुंकूनही पाहत नाही. तो विचारतो, पाकीट कुठे आहे? कारण पत्र कुठून निघाले, कधी निघाले, हे तिकीट सांगत नाही, त्यावर पडलेला शिक्का सांगतो. आणि शिक्का निम्मा तिकिटावर, निम्मा पाकिटावर पडलेला असतो.

आमचे एक चुलत आजोबा रझाकारांच्या धामधुमीत संस्थानाबाहेर निघून गेले. पोलीस कारवाईनंतर त्यांचे एकच पत्र आले. मग काही नाही. पत्रात गावाचे नाव नव्हते. ‘आम्ही इकडे खुशाल’ एवढेच. त्यावरचे राजाछाप तिकीट मी सोलले आणि पाकीट फेकून दिले. ते तिकीट अजून माझ्याजवळ आहे. त्यावर शिक्क्याची शेवटची अक्षरे दिसतात : ‘पूर’. आता सोलापूर म्हणावे, पंढरपूर म्हणावे, की कोल्हापूर? आजोबा जाईपर्यंत विचारत होते. मी सांगितले नाही.

तेव्हा गुरुजींना विनंती आहे. एक तास यासाठी काढा. मुलांना सांगा, घरचे जुने पत्र आणा, पण कात्री लावू नका, पाणी लावू नका, डिंक किंवा चिकटपट्टी तर मुळीच नको. वहीच्या कोऱ्या पानांत सपाट ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून दूर. शिक्का उर्दूत असेल तर गावात वाचणारे कोणी ना कोणी असतेच. त्यांच्याकडे मुलाला पत्रासकट पाठवा. मजकुरात फसली सन असेल तर त्यात ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन येईल, फार तर एखाद्या वर्षाचा फरक पडेल. आणि पत्र कोणी कोणाला लिहिले, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून ठेवा. पाकिटावर लिहू नका.